विषय क्रमांक ७

‘सोसायटीचा लॅपटॉप मध्येच आपोआप बंद होऊन आपोआप चालू होतो, त्यावर विचारविनिमय करून योग्य तो निर्णय घेणे.’ समितीच्या सभेच्या सूचनेत हा सातवा विषय होता. सहावा बी विंगच्या जिन्यातल्या चपलांचा आणि आठवा ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय’. डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीत खरी सभा या शेवटच्या विषयाला सुरू होते. त्या रात्री मात्र सातव्यानेच साडेदहा वाजवले आणि ऐन वेळी येणारे विषय ऐन वेळी परत गेले.

यंत्र साफ बंद पडलं की त्यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. दुरुस्तीला टाकायचं, नाहीतर भंगारवाल्याला द्यायचं. पण जे बंद पडतं आणि कुणी हात न लावता परत उठून बसतं, त्याच्याबद्दल प्रत्येकाला मत असतं. आमच्याकडे मतांची टंचाई कधीच नव्हती. टंचाई पाण्याची आहे.

लॅपटॉपची वस्ती सोसायटीच्या ऑफिसात. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, तिची एक भिंत पंपाच्या खोलीला लागून. त्याच भिंतीत ठोकलेल्या फळीवर लॅपटॉप, आणि त्याच्या पोटात मेंटेनन्सची बिलं, सिंकिंग फंड, थकबाकीदारांची यादी, शिवाय कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाची पत्रिका. ती कुणी ठेवली ते कबूल करायला कुणी तयार नाही आणि पुसून टाकायचा धीरही कुणाला नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. गणपती नुकतेच उठले होते. खजिनदार रोज संध्याकाळी चष्मा पुसून हिशेबाला बसत, आकडे भरत, आणि बेरीज जुळायच्या बेताला आली की पडदा काळा होई. मग कंपनीचं बोधचिन्ह, त्याखाली गोल गोल फिरणारे ठिपके.

अशा वेळी मागे उभा असलेला माणूस एकच प्रश्न विचारतो: ‘सेव्ह केलं होतं का?’ हा प्रश्न विचारून जगात आजवर एकही ओळ परत आलेली नाही, तरी तो विचारल्याशिवाय राहवत नाही. खजिनदार आयुष्यभर बँकेत होते. त्यांनी मान न वळवता ‘नाही’ म्हणायची पद्धत तिथेच कमावली असावी.

पहिलं निदान वीज मंडळातून निवृत्त झालेल्या तीनशे दोनवाल्या साहेबांचं: अर्थिंग. त्यांच्या मते जगात रोग दोनच, अर्थिंग नसणं आणि न्यूट्रल सैल असणं. बाकीची सगळी लक्षणं. लिफ्ट अडकली तेव्हा अर्थिंग होतं, गच्चीवरचा दिवा गेला तेव्हा न्यूट्रल होता.

‘साहेब, लॅपटॉपला बॅटरी असते. लाइट गेली तरी तो चालू राहतो,’ खजिनदार म्हणाले.

‘तीच तर गंमत आहे,’ साहेब म्हणाले आणि पुढे काही बोलले नाहीत. तज्ज्ञ माणसाने कुठे थांबावं हे त्यांना बरोबर कळतं.

दोनशे दोनवाल्यांचा एके काळी स्टेशनजवळ सायबर कॅफे होता, त्यामुळे त्यांना व्हायरस दिसला. त्यांचं घड्याळ ऑगस्ट २००३ पाशी थांबलेलं आहे. त्या महिन्यात ब्लास्टर नावाचा किडा जगभरच्या विंडोज एक्सपीत शिरला होता. पडद्यावर चौकट उमटायची की हा संगणक साठ सेकंदांत बंद होत आहे, काम सेव्ह करून घ्या. आणि लगेच उलटी मोजणी सुरू. कॅफेतली निम्मी गिऱ्हाइकं याहूच्या गप्पांत, निम्मी लग्नाच्या स्थळांत, आणि हे गृहस्थ एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीकडे धावत ‘स्टार्ट, रन, शटडाउन, मायनस ए’ असा मंत्र टाइप करत सुटलेले. त्या आज्ञेने मोजणी खरोखरच थांबायची. ‘पण तो व्हायरस सभ्य होता,’ ते म्हणाले. ‘साठ सेकंदांची नोटीस तरी द्यायचा. हा देतो का?’

‘नोटीस हवीच,’ अध्यक्ष म्हणाले. ‘वार्षिक सभेला आपण पूर्ण चौदा दिवसांची देतो.’

चारशे एकवाले ऐरोलीत आयटीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. हुद्दा एवढा मोठा की बऱ्याच वर्षांत त्यांनी संगणक स्वतः दुरुस्त केलेला नाही, फक्त दुरुस्त करणाऱ्यांच्या सभा घेतल्या आहेत. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि विचारलं, ‘रीस्टार्ट करून बघितलं का?’

खोलीत शांतता पसरली. खजिनदार एवढंच म्हणाले, ‘ते तो स्वतःच करतो.’

उष्णतेचा मुद्दा मात्र कुणी काढेना, आणि खरं तर तो सगळ्यात आधी निघायला हवा होता. बहुतेक लॅपटॉप पोटाखालून हवा आत घेतात आणि कडेच्या नाहीतर मागच्या जाळीतून ती गरम करून बाहेर टाकतात. आतल्या पंख्यापुढे धुळीचा थर जमला, किंवा प्रोसेसर आणि तांब्याची पट्टी यांच्यामधली पेस्ट वाळली, की उष्णता आतच कोंडते. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की आधी मंद होतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर जीव वाचवायला तडक बंद पडतो. आमच्या लॅपटॉपच्या पोटाखाली क्रोशाचं विणलेलं, जाड, किरमिजी काठांचं आसन होतं. ते अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी विणून सोसायटीला भेट दिलं होतं आणि ती भेट इतिवृत्तात आभारासह नोंदवलेली होती. तेव्हा समितीच्या शास्त्रीय विचारातून उष्णता हा प्रकार वगळण्यात आला.

खजिनदारांचा स्वतःचा संशय निराळाच. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे थकबाकीदारांची यादी उघडली की हमखास हे होतं. हे सांगताना ते छताकडे बघत होते, पण छतावर दोनशे तीनच्या बाथरूमचा डाग आहे आणि दोनशे तीनवाले समोरच बसले होते.

एव्हाना वहीपक्षाने उचल खाल्ली. सोसायटीत एक ज्येष्ठ गट आहे. लॅपटॉप घेतला त्या दिवसापासून तो हिशेबाची वही परत यायची वाट बघतो आहे. त्यांच्यापैकी एका आजोबांनी खिशातून घडी घातलेलं कात्रण काढलं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीने एक सदोष फाइल अपडेट म्हणून पाठवली आणि जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडून पुनःपुन्हा उठायला लागले. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. आजोबांच्या दृष्टीने ही बातमी नव्हती, निकालपत्र होतं. ‘विमानं वहीवर उडाली,’ ते म्हणाले, ‘आणि तुमचा मेंटेनन्स नाही निघत?’

त्या गोंधळातली खरी मजेची गोष्ट कात्रणात नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर चालणाऱ्या संगणकांसाठी त्या वेळी जी सूचना निघाली तीत म्हटलं होतं की काही ग्राहकांना वारंवार, अगदी पंधरा वेळापर्यंत, रीस्टार्ट करून गुण आला आहे. म्हणजे चारशे एकवाले अगदीच चुकीचं बोलत नव्हते. त्यांनी फक्त डोस सांगितला नाही.

शेवटी ठराव झाला: नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागवावीत. सचिव आणि मी लॅपटॉप घेऊन लॅमिंग्टन रोडला निघालो. या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण १९०३ ते १९०७ एवढीच चार वर्षं मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनला तिथल्या दुकानदारांनी अजून निवृत्त केलेलं नाही. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडपर्यंत सचिवांनी लॅपटॉप छातीशी धरला होता. डोंबिवलीच्या गर्दीत छातीशी धरलेली वस्तू आपण धरलेली नसते, मागचे लोक धरतात.

पहिल्या दुकानात झाकणही न उघडता उत्तर मिळालं: ‘मदरबोर्ड.’ डोळ्यांची पापणी हलली नाही. दुसरा म्हणाला, ‘फॉरमॅट मारू, एकदम मक्खन चालेल.’ फॉरमॅट मारणे हा या धंद्यातला जुलाब आहे. रोग कोणता का असेना, पोट साफ झालेलं बरं. तिसऱ्या दुकानातला पोरगा सरळमार्गी निघाला. त्याने लॅपटॉप काउंटरवर चालू करून ठेवला, गाणी लावली, पिक्चर लावला, आमचा ताळेबंदसुद्धा उघडला. दुपार गेली. लॅपटॉपने डोळ्याला डोळा लावला नाही. थकबाकीदारांची यादी उघडली तरी तो ढिम्म. पोराने पावतीवर लिहून दिलं: बिघाड आढळला नाही, तपासणी शुल्क तेवढं द्या.

पुढच्या सभेत कोटेशनं मांडली. सगळ्यात कमी रकमेचं कोटेशन स्वीकारायचं ही आमची प्रथा. मदरबोर्ड महाग, फॉरमॅट मध्यम आणि ‘बिघाड नाही’ सर्वांत स्वस्त. तेव्हा लॅपटॉपमध्ये कोणताही बिघाड नाही हा निष्कर्ष बहुमताने मंजूर झाला, वहीपक्षाने विरोध नोंदवला, आणि खजिनदारांनी तो ठराव टाइप करायला घेतला. ‘बहुमताने’पर्यंत पोचले आणि पडदा काळा झाला.

त्याच वेळी पाचशे तीनमधली मुलगी वडिलांच्या पार्किंगच्या पत्राची प्रत न्यायला आली होती. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने कुणाला काही न विचारता तो सगळा सोहळा पाहिला आणि म्हणाली, ‘काका, हा पूर्ण बंद होऊन पडून राहतो, की लगेच स्वतः चालू होतो?’

‘लगेच स्वतः.’

‘मग गरम होऊन नाही. उष्णतेने बंद झाला असता तर बहुतेक पडून राहिला असता.’

अध्यक्षांनी पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला. क्रोशाचं आसन निर्दोष सुटलं. (तरी तिने ते हळूच काढून कपाटावर ठेवलं. मी पाहिलं, बोललो नाही.)

मग तिने आम्हाला मंगळावर नेलं. ४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं, फोटो पाठवायला लागलं, आणि थोड्याच दिवसांत त्याचा संगणक मधूनच स्वतःला रीसेट करायला लागला. तिथे ‘सेव्ह केलं होतं का’ विचारायला मागे कुणी उभं नव्हतं, एवढाच फरक. झालं होतं असं की हवामान मोजणारं एक बिनमहत्त्वाचं काम सामायिक वापराची जागा अडवून बसायचं. सगळ्यात महत्त्वाच्या कामाला तीच जागा हवी असायची, म्हणून ते थांबून राहायचं. आणि मधल्या दर्जाची कामं त्या बिनमहत्त्वाच्या कामाला पुढे सरकूच द्यायची नाहीत.

‘कळलं नाही,’ सचिव म्हणाले.

‘काका, गच्चीची किल्ली वॉचमनदादांकडे आहे. टाकी ओसंडतेय म्हणून तुम्हाला ती ताबडतोब हवी आहे. पण दादांना मधल्या मजल्यावरच्या कुणी कुरियर आणायला पाठवलंय, दुसऱ्या कुणी गाडी काढायला. तुम्ही सगळ्यात मोठे, पण खाली उभे.’

सचिवांना इतकं कळलं की त्यांनी तिथल्या तिथे गच्चीच्या दुसऱ्या किल्लीचा विषय पुढच्या सभेत घ्यायला सांगितलं. मंगळावर मात्र एक पहारेकरी घड्याळ होतं. महत्त्वाचं काम वेळेत झालेलं नाही असं दिसलं की ते काही न विचारता सगळी यंत्रणाच नव्याने सुरू करायचं. इलाज सापडला तोही बघण्यासारखा. अशी अडवणूक झाली तर अडवून बसलेल्याला तेवढ्यापुरता वरचा दर्जा द्यायचा, अशी सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून होती, फक्त ती बंद ठेवलेली होती. कोट्यवधी किलोमीटरवरून ती चालू करण्याचा बदल पाठवला गेला. कोटेशन मागवल्याची नोंद नाही.

‘पण खरी गोष्ट पुढे आहे,’ ती म्हणाली. ‘हे रीसेट यान उतरण्यापूर्वी पृथ्वीवरही दिसले होते. तेव्हा शोधायला गेले तर परत घडेचना. शेवटी सापडलं ते इथे ठेवलेल्या तशाच यंत्रावर मंगळावरची सगळी कामं एकदम चालवून बघितली तेव्हा. लॅमिंग्टन रोडला हा नीट चाललाच असणार. त्याला जे होतं ते या खोलीत होतं.’

‘वास्तू,’ काकू म्हणाल्या. तोवर सोसायटीतल्या एक काकूही आल्या होत्या.

मुलीने आधी एक खूण काढून टाकली. विंडोज कोसळली की ती लगेच आपोआप रीस्टार्ट व्हायची व्यवस्था मुळातच केलेली असते. हेतू चांगला, पण त्यामुळे निळा पडदा इतक्या झटकन जातो की त्यावर काय लिहिलंय ते कुणाला वाचता येत नाही. सिस्टमच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ पुढची खूण काढली की पडदा थांबून राहतो. दुसऱ्या संध्याकाळी तो थांबला. निळा पडदा, त्यावर रडका चेहरा. हा चेहरा २०१२ च्या विंडोज ८ पासून आहे. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पडदा काळा करून चेहरा काढून टाकला, पण आमचा लॅपटॉप जुन्या घराण्यातला. खाली लिहिलं होतं: ‘मेमरी मॅनेजमेंट’.

फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला. सर्वात आधी माजी सचिवांचा निरोप आला की वय झालं म्हणून कुणाच्या स्मरणशक्तीवर असे जाहीर शेरे मारणं बरं नव्हे. त्यांची समजूत काढायला दोन माणसं वरती पाठवावी लागली.

खूण पुन्हा केली, कारण खजिनदारांना रडक्या चेहऱ्यापुढे बसवेना. आणि मुलीने आणखी एक खिडकी उघडली: इव्हेंट व्ह्यूअर. विंडोजमध्ये ही वही पहिल्यापासून असते आणि ती कुणी उघडत नाही. आमच्या इतिवृत्तात ‘बराच वेळ चर्चा होऊन’ असं लिहितात. कोण काय बोललं ते गाळतात, कारण सगळ्यांना एकाच जिन्याने चढायचं असतं. या वहीत तारीख, तास, मिनिट, सेकंद. माणसाने किंवा अपडेटने रीतसर रीस्टार्ट केलं तर क्रमांक १०७४, सोबत कुणी केलं आणि कशासाठी तेही. मागचं बंद होणं अनपेक्षित होतं याचा क्रमांक ६००८. आणि लाल खुणेचा क्रमांक ४१: यंत्रणा नीट बंद न होता पुन्हा सुरू झाली आहे. आमच्याकडे एक्केचाळिसांची रांग लागली होती.

‘कारण?’ साहेबांनी विचारलं.

‘कारण तो सांगत नाही, पण आत एक आकडा असतो. तो शून्य असता तर वीज तुटली किंवा सगळं गोठलं असं समजता आलं असतं. इथे शून्य नाही. इथे बहुतेक वेळा २६ आहे, म्हणजे मेमरी. मधूनमधून दुसरे आकडे. रॅममध्ये घोटाळा असला की असे वेगवेगळे आकडे येतात.’

साहेबांनी आकडा शून्य नसल्याचं दुःख संयमाने गिळलं. ‘तरी अर्थिंग बघून घ्या,’ एवढंच म्हणाले.

मुलीने वेळा कागदावर उतरवून घेतल्या. सकाळच्या, संध्याकाळच्या, आणि रात्री दीडच्या, सव्वातीनच्यासुद्धा. रात्री लॅपटॉप चालूच असायचा. एकदा बंद केला तर परत उठेल का, या भीतीने खजिनदार तो बंद करत नव्हते. रात्री सव्वातीनला थकबाकीदारांची यादी कोण उघडतं, हा प्रश्न निघाला आणि दोनशे तीनवाल्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

वॉचमनदादा दारात उभे होते. त्यांना समितीच्या सभेत बोलायची सवय नाही, बोलवायची आम्हाला नाही. कागदाकडे बघून ते म्हणाले, ‘साहेब, ही तर पंपाची वेळ.’

पंप भिंतीपलीकडे. त्याच्या पायाखालची रबरी पॅडं कधीच झिजून गेलेली, त्यामुळे तो सुरू झाला की भिंत हलते, भिंतीतली फळी हलते, फळीवरचा लॅपटॉप हलतो. सवयीने ते आम्हाला ऐकूही येत नव्हतं. मुलीने मेमरी तपासण्याचा विंडोजचाच प्रोग्राम लावला. पंप बंद ठेवून लावला तेव्हा रॅम चोख. मग दादांना पंप हाताने सुरू करायला सांगून लावला, तर हार्डवेअरमध्ये दोष आहे असं पडद्यावर आलं. ती हसली. आमच्यापैकी कुणाला हसावं की नाही ते कळेना, कारण पंप बी विंगच्या कारभाराच्या काळात बसवलेला होता.

तिने लॅपटॉप उलटा केला, बॅटरी सोडवली, बारीक स्क्रू एका वाटीत ठेवले. (वाटी काकूंनी आणली, तेवढ्यात वास्तूचा मुद्दा पुन्हा मांडून झाला.) रॅमच्या दोन पट्ट्या. चार जीबीचे आठ करायचा ठराव मागच्या वर्षी झाला होता आणि नवी पट्टी एका सभासदाच्या ओळखीतल्या माणसाने बसवली होती, मजुरी न घेता. या पट्टीला २६० टोकं असतात. ती तिरपी खोचून खाली दाबायची, मग दोन्ही बाजूंच्या क्लिपा तिला धरतात. एका बाजूची क्लिप लागलेलीच नव्हती. तिने पट्टी काढली, खोडरबराने तिच्या सोनेरी कडा हलक्या हाताने पुसल्या, परत खोचली आणि दाबली. खट्. दोन्ही बाजूंनी.

‘झालं?’ सचिवांनी विचारलं. त्यांना मदरबोर्डची सवय झाली होती.

झालं. पंप सुरू केला, लॅपटॉप चालू राहिला. खजिनदारांनी ताळेबंद उघडला, यादी उघडली, लग्नाची पत्रिकासुद्धा उघडली. काही नाही. अध्यक्षांनी मुलीच्या अभिनंदनाचा ठराव मांडला आणि पार्किंगच्या पत्राची प्रत मात्र पुढच्या आठवड्यात द्यायचं ठरलं.

खरी गंमत वार्षिक सभेत झाली. हिशेब टाळीही न वाजता मंजूर झाले, कारण पहिल्या रांगेतल्या माणसाच्या हातात तो वेळांचा कागद होता. ग्रुपवरून तो सगळीकडे पोचला होता. पंप दिवसातून दोनदाच चालतो, असं सचिव वर्षभर सांगत होते. ऑटोमॅटिक सेन्सर बसवल्यापासून वरची टाकी उतरली की तो केव्हाही चालू होतो, हे दादांना ठाऊक होतं, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता प्रश्न असा की रात्री सव्वातीनला टाकी उतरतेच कशी? ए विंग म्हणाली, बी विंगमध्ये कुणाचा तरी फ्लश गळतोय. बी विंग म्हणाली, ए विंगमध्ये कुणीतरी रात्री टँकर भरून ठेवतंय. साहेबांनी अर्थिंगचा विषय काढला, पण पाण्यापुढे विजेचं कुणी ऐकत नाही. लॅपटॉपवर कुणी एक शब्द काढला नाही. एक्केचाळीस क्रमांकाने एवढ्या दिवसांत फक्त वेळ नोंदवली होती, नाव कुणाचंच घेतलं नव्हतं; नावं घालायचं काम सभासदांनी आनंदाने पुरं केलं.

प्लंबर बोलावला. फ्लश तपासले. पहिला गळका दोनशे तीनमध्येच निघाला, म्हणजे छतावरचा तो डाग आणि खजिनदारांचा संशय दोन्ही एकाच घरात जाऊन मिळाले. पण एक फ्लश बंद करूनही लाइटचं बिल म्हणावं तसं उतरेना, आणि आता रात्रीचा पंप किती वेळा सुरू होतो ते सांगायला कुणी नव्हतं. दादा म्हणतात, तीनदा. ए विंग म्हणते, एकदा. पुढच्या सभेत पंपाला वेळ मोजणारं मीटर बसवावं अशी सूचना आली आणि त्यासाठी तीन कोटेशनं मागवायचं ठरलं.

तेव्हा मागच्या रांगेतून वहीपक्षाचे आजोबा उठले. कोटेशनं येईपर्यंत, ते म्हणाले, त्या मुलीला विनंती करून रॅमची एका बाजूची क्लिप तात्पुरती सैल करून घ्यावी. नोंद सेकंदाबरहुकूम होते आणि खर्च शून्य.

सभागृह हसेल असं मला वाटलं. कुणी हसलं नाही. सूचक बी विंग, अनुमोदक बी विंग. खजिनदार उभे राहून थरथरत म्हणाले की माझा सक्त विरोध आहे आणि तो आत्ताच्या आत्ता इतिवृत्तात नोंदवा. सचिवांनी लॅपटॉपकडे हात नेला. पडदा काळा झाला, बोधचिन्ह आलं, ठिपके फिरू लागले, आणि सगळी सभा त्या मुलीकडे वळली.

‘अपडेट आहे,’ ती म्हणाली. ‘हा एक हजार चौऱ्याहत्तर.’

आजोबांनी शेजारच्याला विचारलं, त्या वेळी पंप चालू होता का.